पिग्मी टाकावी का? सांगलीच्या पेठेतल्या रोजच्या ठेवीची पाहणी, तिच्या शब्दांसकट

गणपती पेठेतल्या एखाद्या किराणा दुकानदाराला ‘महिन्याला बचत किती होते?’ असं विचारलं, तर उत्तर येतं, ‘कसली बचत, उरतंय काय?’ त्याच माणसाला ‘पिग्मी किती टाकता?’ विचारलं की लगेच आकडा येतो, ‘दीडशे. बाजाराच्या दिवशी तीनशे.’ प्रश्न एकाच गोष्टीबद्दल आहेत, क्रियापदं मात्र वेगळी. बचत ‘होते’, पिग्मी ‘टाकतात’. या ठेवीचं सगळं बळ आणि तिच्यातला बराचसा धोकाही या ‘टाकण्यात’ आहे.

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात सहकारी बँका आणि पतसंस्था, दारी येणाऱ्या एजंटाकडे रोज थोडी थोडी रक्कम टाकण्याची ही सेवा ‘दैनंदिन ठेव’, ‘नित्य ठेव’ अशा नावांनी देतात. फलकावर काहीही लिहिलेलं असो, गिऱ्हाईक तिला पिग्मीच म्हणतं. कुठल्या एका संस्थेचं कौतुक किंवा तक्रार इथे नाही, ठेवीचा प्रकार तपासला आहे. मत आधीच सांगून टाकतो. शिस्तीसाठी पिग्मीला तोड नाही, व्याजात ती सुमार आहे, आणि पैसे सुरक्षित आहेत की नाहीत हे सर्वस्वी संस्थेवर अवलंबून आहे. एका पिग्मीत बारा महिन्यांच्या वर पैसे बसू देऊ नयेत.

नाव कुठून आलं

पिग्मी सांगलीत उपजलेली नाही, ती दक्षिणेकडून आली. उडुपीत १९२५ साली कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट ही संस्था उभी राहिली. हातमागाचा धंदा बसला होता आणि विणकरांना भांडवल हवं होतं, म्हणून ती काढली गेली. १९२८ साली त्यांनी एजंटांना घरोघरी पाठवून दिवसाला दोन आणे इतकी छोटी रक्कम गोळा करायला सुरुवात केली आणि त्या ठेवीला ‘पिग्मी’ हे नाव दिलं. हीच पुढे सिंडिकेट बँक झाली आणि १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. बँकेचं नाव गेलं. ठेवीचं नाव मात्र हळदीच्या अडतीपासून चहाच्या गाड्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी राहिलं.

इंग्रजीत हा शब्द बुटक्या माणसांसाठी वापरला गेला आणि त्यात हिणवणं आहे. ठेवीला नाव देताना ‘लहानशी’ एवढाच अर्थ घेतलेला दिसतो. पण शब्दाचं मूळ त्याहून चांगलं आहे. ग्रीक भाषेत ‘पिग्मे’ म्हणजे मूठ, आणि कोपरापासून मुठीपर्यंतच्या लांबीचं मापसुद्धा. म्हणजे पिग्मी ठेव ही अक्षरशः मूठभर ठेव. सातारा-सांगलीकडच्या माणसाला याची वेगळी फोड करून सांगायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ साली ती साताऱ्याला नेली, आणि वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी घरोघरच्या बायाबापड्यांकडून मूठ मूठ धान्य जमवलं. त्याला मुष्टिफंड म्हणत. ग्रीक ‘पिग्मे’ आणि आपली ‘मुष्टी’ या शब्दांचं नातं नाही, पण हिशेब एकच आहे. दळायला घेण्याआधी मूठ बाजूला काढायची. दळून, भाकरी करून, जेवून झाल्यावर काय उरतंय ते पाहत बसायचं नाही.

‘बचत’ या शब्दात काय अडतं

‘बचत’ आपल्याकडे हिंदीच्या वाटेनं रुळला. ‘बचना’ म्हणजे निसटणं, सुटणं. त्याचं अस्सल मराठी भावंड ‘वाचणे’ हे. अपघातातून माणूस वाचतो, तसे बाजारातून पैसे वाचतात. (पुस्तक ‘वाचणे’ याचं मूळ वेगळं, ते ‘वाच्’ म्हणजे बोलणे या धातूतून आलेलं आहे.) निसटण्याच्या या ‘वाचण्या’मागे संस्कृतातला ‘वञ्च्’ धातू आहे. आधी अर्थ वाकडंतिकडं जाणं, मग चुकवणं, आणि पुढे फसवणं. वंचना आणि वंचित हे त्याच घरातले. तेव्हा बचत म्हणजे खर्चाला हुलकावणी देऊन निसटलेला पैसा. ‘उरतंय काय?’ हे दुकानदाराचं उत्तर त्या शब्दाला अगदी धरून आहे. जे निसटेल ते खरं, त्यात आपल्या हातात काही नाही.

शेजारची कानडीही असंच बोलते. जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत घरात कानडी आणि बँकेत मराठी चालते. तिथे बचत खात्याला ‘उळिताय खाते’ म्हणतात. ‘उळि’ म्हणजे उरणे, मागे राहणे. पुन्हा तेच, खर्चानंतरचं.

तमिळ मात्र वेगळ्या बाजूनं विचार करते. बचतीला तिथे ‘सेमिप्पु’ म्हणतात आणि तो शब्द संस्कृत ‘क्षेम’वरून गेलेला आहे. गीतेतल्या ‘योगक्षेमं वहाम्यहम्’मधला हाच क्षेम. जुने भाष्यकार योग म्हणजे नसलेलं मिळवणं आणि क्षेम म्हणजे मिळालेलं राखणं अशी फोड करतात. आयुर्विमा महामंडळानं बोधवाक्य म्हणून तेच शब्द घेतले, ते उगाच नाही. इंग्रजी ‘सेव्ह’ची चालही राखण्याचीच आहे. लॅटिन ‘साल्वुस’ म्हणजे सुखरूप, अखंड. या ‘साल्वुस’चं आणि आपल्या ‘सर्व’चं मूळ एकच मानलं जातं, दोन्हींत ‘पूर्ण, न मोडलेलं’ हा अर्थ आहे. एफडी वेळेआधी काढली तर आपण ‘मोडली’ म्हणतो, ते इथे बरोबर बसतं. जे अखंड ठेवायचं होतं ते मोडलं.

जर्मन ‘श्पारेन’, फ्रेंच ‘एपार्न्ये’ आणि इटालियन ‘रिस्पार्मियारे’ हे तिन्ही एकाच जुन्या जर्मानिक शब्दाची पिल्लं आहेत. इंग्रजी ‘स्पेअर’ही त्यातलंच. सोडून देणं, इजा न करणं, हात आवरता घेणं. पोर्तुगीज ‘पोउपार’ लॅटिनमधल्या ‘हळुवार हात फिरवणे’ अशा अर्थाच्या शब्दातून आला आहे. जे जपायचं ते आधी गोंजारायचं, असा काहीसा प्रवास. स्पॅनिश ‘आओर्रार’ तर थेट अरबी ‘हुर्र’पर्यंत जातो. हुर्र म्हणजे स्वतंत्र, ‘हुर्रियत’मधला. आधी तो गुलामाला मोकळं करण्यासाठी वापरत, नंतर श्रम, त्रास, पैसा वाचवणं या अर्थाला आला. हा शब्द कुणाही कर्जदाराला समजावून सांगावा लागणार नाही.

पण पिग्मीशी सगळ्यात जवळचा शब्द फारसीत आहे. तिथे बचतीला ‘पस-अंदाज’ म्हणतात. पस म्हणजे मागे आणि अंदाख्तन म्हणजे टाकणे. मागे टाकलेलं. आपण ‘चार पैसे मागे टाकले’ म्हणतो, ते शब्दशः हेच. यात ‘उरलं तर’ ही अटच नाही. आधी टाकायचं, मग जे हातात राहील त्यात दिवस काढायचा. इंडोनेशियात बचतीला ‘ताबुंगान’ म्हणतात आणि ‘ताबुंग’ म्हणजे बांबूची नळी. वरून पैसा टाकायचा, आणि फोडल्याशिवाय तो काढता यायचा नाही. त्याच देशात मातीच्या गल्ल्याला ‘चेलेंगान’ म्हणतात, कारण ‘चेलेंग’ म्हणजे रानडुक्कर, आणि त्या आकाराचे पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीचे भाजक्या मातीचे गल्ले जावा बेटावर सापडले आहेत. आपला ‘गल्ला’ धान्यातून आला. अरबी ‘घल्ला’ म्हणजे पीक, धान्य. सांगलीसारख्या धान्य-हळदीच्या पेठेत दिवसाच्या रोकडीच्या पेटीला धान्याचं नाव असावं यात नवल नाही.

आपल्याही बोलीत ‘मागे टाकण्या’च्या जागा भरपूर आहेत: कनवटीला, पदराच्या गाठीला, पुरचुंडीत, डाळीच्या डब्यात. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीसाठी पेवं होती, जमिनीखालची खोल कोठारं. तोंड लिंपलं की आत हवा राहत नाही, कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही, आधी हवा खेळू द्यावी लागते. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. पिग्मी आणि पेव यांत एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पेव टिकवण्यासाठी असतं, पिग्मी भरण्यासाठी. पिग्मीचं पेव करायला गेलं की नुकसान होतं. ते कसं, ते पुढे आकड्यांत.

सेवा प्रत्यक्षात कशी चालते

खातं उघडायला आधार, पॅन, दोन फोटो आणि वारसाचं नाव लागतं. पतसंस्था असेल तर आधी सभासद व्हावं लागतं, बहुधा नाममात्र सभासद, आणि त्याची छोटी फी असते. वारसाचा रकाना बरेच जण ‘नंतर भरू’ म्हणून कोरा सोडतात आणि नंतर तो कधीच भरला जात नाही. सही करण्याआधी तो भरून घ्या.

रोजची रक्कम तुम्ही ठरवता. वीस, पन्नास, शंभर, काहीही. बहुतेक ठिकाणी रोज सारखीच रक्कम हवी अशी सक्ती नसते, आणि हेच पिग्मीचं मोठं देणं आहे. भाजीवाल्याची, रिक्षावाल्याची, सलूनवाल्याची कमाई रोज वेगळी असते. महिन्याच्या अमुक तारखेला अमुक रक्कम भरणं त्याला जमत नाही, आज गाडी चांगली चालली तर दोनशे आणि पाऊस लागला तर पन्नास हे जमतं. आपण ‘हप्ता’ म्हणतो तो शब्द मुळात फारसी ‘हफ्त’ म्हणजे सात यावरून आलेला, आठवड्याचा. ‘सप्त’चा तो सख्खा भाऊ. आता महिन्याच्या भरण्यालाही हप्ताच म्हणतात. पण रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला रोजचाच हिशेब झेपतो आणि पिग्मीनं तो मान्य केला.

एजंट ठरलेल्या वेळी दुकानात येतो. त्याच्याकडे हातात मावणारं मशिन असतं. खाते क्रमांक टाकतो, रक्कम टाकतो आणि चिठ्ठी छापून देतो. चिठ्ठीवर तारीख, वेळ, रक्कम आणि एकूण शिल्लक या चार गोष्टी हव्यातच. मशिनमधला दिवसाचा हिशेब संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी संस्थेच्या संगणकावर चढतो. म्हणजे चिठ्ठी हातात पडली तरी पैसे तुमच्या खात्यात पडायला अर्धा ते एक दिवस लागतो. मोबाइलवरचा संदेश एजंटच्या मशिनमधून निघतो की संस्थेच्या संगणकावरून, हे खातं उघडतानाच विचारून घ्या. संगणकावरून येणाऱ्या संदेशालाच किंमत.

एक उणीव बोलून दाखवायलाच हवी. कित्येक मशिनच्या चिठ्ठीवर सगळा मजकूर रोमन अक्षरांत असतो, तोही अर्धवट छाटलेल्या शब्दांत. ज्या माणसासाठी ही ठेव आहे त्याला ती चिठ्ठी वाचता येत नाही. ‘पावती’ हा शब्द ‘पावणे’पासून आला, म्हणजे पोचणे, मिळणे. जी वाचता येत नाही ती चिठ्ठी पैसे पावल्याचं सांगणार कशी? देवनागरी छापणारी मशिनं बाजारात मिळतात, तेव्हा याला सबब नाही. दुसरी गोष्ट कागदाची. तो उष्णतेवर उमटणारा कागद असतो. खिशात, तव्याजवळ, उन्हात दोन-तीन महिन्यांत अक्षरं उडतात. चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवणं एवढाच त्यावर उपाय.

पैशाचा हिशेब

रोज १०० रुपये, महिन्याला २५ दिवस धरले तर महिन्याचे २,५०० आणि वर्षाचे ३०,००० होतात. व्याज दर संस्थेनुसार बदलतो, हिशेबाला सोपा म्हणून ४ टक्के धरू. पैसे वर्षभर थोडे थोडे आत गेलेले असल्यामुळे पूर्ण ३०,००० वर व्याज मिळत नाही, सरासरी शिल्लक १५,००० च्या आसपास पडते. रोजच्या शिलकीवर व्याज काढलं तर सुमारे ६०० रुपये. महिन्यातल्या तळाच्या शिलकीवर काढलं तर सुमारे ५५०. फरक पन्नासचा दिसतो, पण रोज हजार टाकणाऱ्या व्यापाऱ्याला तोच पाचशेचा. व्याज कोणत्या पद्धतीनं काढता, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

मधेच खातं बंद केलं तर चित्र पालटतं. सहा महिन्यांच्या आत पैसे उचलले तर साधारणपणे व्याज मिळत नाही आणि एजंटाला दिलेलं कमिशन खातेदाराच्या रकमेतून वळतं केलं जातं. कमिशन दोन ते चार टक्क्यांच्या दरम्यान असतं. ३ टक्के धरले तर पाच महिन्यांत टाकलेल्या १२,५०० मधून ३७५ वजा होऊन हातात १२,१२५ येतात. टाकले त्यापेक्षा कमी. खातेदार चिडतो तो नेमका इथे, आणि ही अट बहुधा कुणी दडवलेली नसते, फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली असते. ते कलम सही करण्याआधी एजंटाकडून मोठ्यानं वाचून घ्यावं. अडचण आलीच तर खातं बंद करण्याऐवजी पिग्मीवर कर्ज घेता येतं, जमा रकमेच्या पाऊण भागापर्यंत किंवा थोडं जास्त. दोन महिन्यांची गरज असेल तर कर्जावरचं व्याज कापल्या जाणाऱ्या कमिशनपेक्षा कमी पडू शकतं, दोन्ही आकडे कागदावर मांडून ठरवा.

‘व्याज’ या शब्दाबद्दल थोडं. संस्कृतात व्याज म्हणजे मिष, सोंग, कपट. निंदेच्या मिषानं स्तुती ती व्याजस्तुती. हा अर्थ रकमेवरच्या वाढीपर्यंत कसा आला याचे तर्क वेगवेगळे आहेत, पण पिग्मीचं जाहिरातीतलं व्याज पाहताना जुना अर्थ मनाशी ठेवायला हरकत नाही. जाहिरातीत दर वर्षाचा असतो, आणि पैसे सरासरी सहाच महिने आत असतात.

आता पोस्टाची आवर्ती ठेव शेजारी ठेवून पाहू. तिची मुदत ५ वर्षं, महिन्याला किमान १०० रुपये आणि पुढे दहाच्या पटीत. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ६.७ टक्के दरानं महिना २,५०० रुपये भरले, तर ६० हप्त्यांत १,५०,००० जातात आणि मुदतीअंती सुमारे १,७८,४०० मिळतात. दराचा आढावा दर तिमाहीला होतो, पण खातं उघडताना असलेला दर त्या खात्याला शेवटपर्यंत लागू राहतो. हप्ता चुकला तर १०० रुपयांमागे १ रुपया दंड, आणि चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं. दोन महिन्यांत ते पुन्हा सुरू करून घेता येतं. तीन वर्षांआधी मोडता येत नाही, आणि तीन वर्षांनंतर मुदतीआधी मोडलं तर व्याज बचत खात्याच्या दरानं. बारा हप्ते झाल्यावर निम्म्या रकमेपर्यंत कर्ज मिळतं.

कागदावर पोस्ट सरळ जिंकतं. तरी सांगलीच्या पेठेत पिग्मी का चालते? कारण पोस्टात आपण जायचं असतं आणि पिग्मी आपल्याकडे येते. महिन्याच्या शेवटी २,५०० एकरकमी हातात असणं वेगळं, आणि रोज संध्याकाळी गल्ल्यातून शंभराची नोट निघून जाणं वेगळं. गल्ल्यात राहिलेली नोट मालाला, उधारीला, पाहुण्याला जाते. म्हणून जमणाऱ्यासाठी उत्तम वाट अशी की पिग्मीनं जमवायचं आणि दुसरीकडे वाढवायचं.

पैसे कुठे बुडतात

सहकारी बँक आणि पतसंस्था यांच्या फलकांचा रंग सारखा असला तरी पाया वेगळा आहे. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असते, आणि तिथे पैसे अडकले तर सहकार खातं, ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा आणि न्यायालय या वाटा उरतात. त्या लांबच्या आहेत. या जिल्ह्यानं बुडालेल्या संस्था पाहिलेल्या आहेत आणि म्हातारपणाच्या ठेवीसाठी खेटे घालणारी माणसंही पाहिलेली आहेत. म्हणून पतसंस्थेतली पिग्मी एका वर्षाच्या जमवाजमवीपुरतीच ठेवावी. लेखापरीक्षणाचा वर्ग आणि थकीत कर्जाचं प्रमाण वार्षिक अहवालात छापलेलं असतं, सभासद म्हणून तो अहवाल मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दुसरी गळती एजंटाच्या हातात होते. एजंट बहुतेक वेळा प्रामाणिक, ओळखीचा, घरातल्यासारखा असतो, आणि नेमकं म्हणूनच पासबुक त्याच्याकडेच राहू दिलं जातं. ते कधीही करू नये. त्यानं आज घेतलेली रक्कम तीन दिवस उशिरा चढवली, मधल्या काळात स्वतःच्या अडचणीला वापरली, तर पासबुक आणि चिठ्ठ्या शेजारी ठेवल्याशिवाय ते दिसत नाही. महिन्यातून एकदा स्वतः काउंटरवर जाऊन पासबुक छापून घ्यायचं आणि चिठ्ठ्यांवरची शेवटची शिल्लक त्याच्याशी जुळवायची. पाच मिनिटांचं काम आहे. मशिन बंद आहे म्हणून वहीत लिहून घेतो, असं सलग दोन दिवस झालं तर शाखेत फोन करा. पिग्मीच्या एजंटाकडे मुदत ठेवीसाठी एकरकमी रोख कधीच देऊ नका, त्याचा अधिकार रोजच्या वसुलीपुरताच असतो.

त्याच वेळी एजंटाच्या बाजूचीही जाण हवी. उन्हातान्हात दिवसाला शंभरेक दुकानं फिरणारा हा माणूस बहुधा पगारावर नसतो, कमिशनवर जगतो. सिंडिकेट बँकेच्या खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं ठेव गोळा करणाऱ्यांना कामगार मानलं. गावोगावच्या पतसंस्थांमध्ये ते किती पोचलं ते त्यांच्या चपलांकडे पाहून कळतं. सुट्टे पैसे तयार ठेवावेत, ‘उद्या ये’ म्हणून परत पाठवू नये.

पुराचंही सांगायला हवं. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही पुरांत कृष्णेचं पाणी पेठेत आलं आणि खालच्या दुकानांतले कागद गेले. पासबुकाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर असू द्या. खाते क्रमांक माहीत असेल तर दुसरं पासबुक मिळतं.

भिशीबद्दलही विचारलं जातं. भिशी ‘लावतात’ आणि ‘उचलतात’. वीस जणांनी महिन्याला हजार लावले तर दरमहा एकजण वीस हजार उचलतो. पहिला उचलणारा खरं तर कर्ज घेतो आणि शेवटचा बचत करतो, नाव मात्र दोघांचं एकच. ओळखीवर चालते तोवर छान. लिलावाच्या भिशीत आधी उचलणारा रक्कम सोडतो आणि ती बाकीच्यांत वाटली जाते, तेच तिचं व्याज. हिशेब लिहिणारा माणूस कोण, यावर सगळं. नोंद नसलेल्या भिशीत पैसे अडकले तर हातात कागद काहीच नसतो, पिग्मीत निदान पासबुक तरी असतं.

कुणी घ्यावी, आणि वर्ष भरल्यावर काय करावं

रोजची रोख कमाई असलेल्या प्रत्येकानं घ्यावी. चहावाला, भाजीवाली, हमाल, गॅरेजवाला, शिवणकाम करणारी बाई. महिन्याला पगार खात्यात येणाऱ्यानं घेऊ नये, त्यानं पगाराच्या दिवशीच आवर्ती ठेवीची रक्कम आपोआप वळती करून घ्यावी. त्याच्यासाठीही सूत्र तेच, आधी मागे टाकायचं. काटकसरीवर कुणी भर देत असेल तर त्याला एक शब्द सांगण्यासारखा आहे. ‘किफायत’ अरबीतून आला आणि तो ‘काफी’चा सख्खा आहे, म्हणजे पुरेसं असणं. किफायत म्हणजे पोट मारणं नव्हे. रोजची रक्कम पुरेशी लहान ठरवा, म्हणजे ती एकाही दिवशी चुकणार नाही. पहिल्याच महिन्यात जोशात दोनशे ठरवून पाचव्या महिन्यात खातं मोडणाऱ्यापेक्षा पन्नासवर वर्ष काढणारा पुढे जातो.

वर्ष भरण्याच्या पंधरा दिवस आधी तारीख नोंदवून ठेवा. मुदत संपल्यावर खातं तसंच पडून राहिलं तर व्याज बंद होतं किंवा नाममात्र मिळतं, आणि हे एजंट आपणहून सांगेलच असं नाही. बंद करण्याच्या अर्जासोबत त्याच दिवशी नव्या पिग्मीचा अर्जही भरा, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या फेरीत खंड पडत नाही. २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम परत देताना संस्था रोख देऊ शकत नाही, ती चेकनं किंवा खात्यात जमा करूनच द्यावी लागते. तेव्हा बँक खात्याचा क्रमांक आणि एक रद्द केलेला चेक बरोबर न्या. ३०,००० मधले २,५०० पुढच्या महिन्याच्या मालासाठी हाताशी ठेवून बाकीचे त्याच आठवड्यात पोस्टात किंवा विमा असलेल्या बँकेत मुदत ठेवीला लावा. एजंट ‘इथेच ठेवा, ओळखीचं आहे’ म्हणाला तर त्याला नव्या पिग्मीचा पहिला दिवस द्या, जुन्या पिग्मीचे पैसे देऊ नका.